पाणसळ

आमच्या गल्लीच्या वरच्या अंगाला तळजाईची टेकडी आहे आणि खालच्या अंगाला, दोन रस्ते ओलांडले की, आंबिल ओढा. मधे आम्ही राहतो. १९८९ साली लग्न होऊन मी सहकारनगरच्या या गल्लीत आले, तेव्हा दोन्ही बाजूंना मिळून चोवीस बंगले होते. प्रत्येकापुढं थोडीफार माती होती, मातीत जास्वंद, कढीपत्ता, एखादं पपईचं झाड. आमच्या फाटकातून आत यायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. ऊन कललं की वरच्या पायरीवर बसून सासूबाई भाजी निवडायच्या. आज त्या पायऱ्या नाहीत. कुणी फोडल्या नाहीत. रस्ता वर आला आणि त्या त्याच्या पोटात गेल्या. चार-पाच वर्षांनी एकदा डांबराचा नवा थर पडायचा. आधीचा थर खरवडून मग नवा टाकायचा असतो, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. काळाभोर गुळगुळीत रस्ता दिसला की आम्ही खूश व्हायचो. पोरं त्या दिवशी अंधार पडेपर्यंत सायकली फिरवायची. असे थरांवर थर चढून रस्ता दीड वीत वर आला आणि आमची घरं होती तिथंच राहिली.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये कळलं की गल्लीचा रस्ता नव्यानं होणार आहे. आधी पावसाळी लाइन, मग वर सिमेंट काँक्रीट. काम सुरू होण्याआधी रहिवाशांनी एकदा एकत्र बसावं असं ठरलं आणि आमच्या पार्किंगमध्ये सतरंज्या घातल्या. पंचवीस-तीस माणसं जमली. गल्लीत इतकी माणसं गणपतीच्या आरतीखेरीज एकत्र येत नाहीत.

त्या संध्याकाळी जे बोलणं झालं ते मी नंतर वहीत उतरवून ठेवलं, आणि वाचताना एक गोष्ट लक्षात आली. मतंसुद्धा उतारानं लागलेली होती. गल्लीच्या वरच्या टोकाला राहणारे रस्त्याच्या पृष्ठभागाबद्दल बोलत होते. काँक्रीट करा, एकदाचं टिकेल असं करा, स्पीड ब्रेकर घाला, मधे पेव्हर ब्लॉक नकोत, गाडी खडखडते. पाण्याचं काय, असं विचारलं तर त्यांच्यातले एक काका म्हणाले, "पाणी तासा-दोन तासांत उतरतंच की. त्यासाठी एवढा खर्च कशाला?" त्यांच्या फाटकातून पाहिलं तर पाणी खरंच उतरतं. मधल्या भागातल्या लोकांना धूळ, पार्किंग आणि कामाला लागणारे महिने यांची काळजी होती. चार महिने गाडी कुठं लावायची, पाण्याच्या टाकीला टँकर कसा यायचा, वडिलांना डायलिसिसला न्यायचं तर रिक्षा फाटकाशी येईल का. या शेवटच्या प्रश्नावर सगळे गप्प झाले आणि कामाच्या काळात एक बाजू मोकळी ठेवलीच पाहिजे यावर एकमत झालं. खालच्या टोकाचे लोक मात्र एकाच गोष्टीबद्दल बोलत होते. त्यांना रस्ता कशाचा हवा याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांना तो खाली हवा होता.

आमच्या समोरच्या आजी ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांचा बंगला अजून जुनाच आहे, जोतं ठेंगणं, दाराला लाकडी उंबरा. त्या फार बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "मला रस्त्यातलं काही कळत नाही. माझा उंबरा वाचवा म्हणजे झालं." दर पावसाळ्यात एक-दोनदा त्यांच्या बाहेरच्या खोलीत पाणी शिरतं. पलंगाचे पाय त्यांनी विटांवर चढवून ठेवले आहेत. त्या पावसात मी त्यांच्याकडे फडकी आणि बादली घेऊन जायची, सोबत गरम खिचडीचा डबा. हे मी कौतुकासाठी सांगत नाही. पुढं काय कळलं ते सांगायचं आहे म्हणून हे आधी सांगते.

गल्लीत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, आम्ही त्यांना ओव्हरसिअर काका म्हणतो. त्यांनी त्या दिवशी आमची एक मोठी चूक सुधारली. आम्ही सगळे सरसकट 'ड्रेनेज, ड्रेनेज' म्हणत होतो. काकांनी समजावलं की ड्रेनेज वेगळं आणि पावसाळी लाइन वेगळी. संडास-न्हाणीचं पाणी ज्या पाइपातून जातं ते शुद्धीकरण केंद्राकडे जातं. पावसाळी लाइन मात्र थेट ओढ्याला आणि ओढा नदीला. म्हणून पावसाळी लाइनीत पावसाच्या पाण्याखेरीज काही सोडायचं नसतं आणि ड्रेनेजच्या पाइपात पावसाचं पाणी घालायचं नसतं. तसं घातलं की पाइप तुडुंब भरतो आणि तळमजल्याच्या न्हाणीतून मैला उलटा वर येतो. हे ऐकताना दोन-तीन जण एकमेकांकडे पाहत होते. पुढं खोदकाम निघालं तेव्हा जुन्या पावसाळी लाइनीत ऐन जानेवारीत साबणाचा फेस वाहताना सगळ्यांनी पाहिला. पावसाळा तर कधीच संपला होता. कुणाच्या वॉशिंग मशीनचा तो फेस होता हे शोधायला फार वेळ लागला नाही. तीन घरं निघाली. तिघांनीही आपापल्या खर्चानं नळ्या बदलून घेतल्या, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

सभेला सगळ्यांना चहा देण्यासाठी आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी थांबल्या होत्या. त्या ओढ्याकाठी राहतात. माणसं गेल्यावर कप विसळता विसळता त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं पानी तुमच्याकडनं लवकर गेलं, की ते आमच्याकडं लवकर येनार. व्हय ना?"

मी काही उत्तर दिलं नाही. मला देता आलं नाही.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यात ज्यांनी पाहिली त्यांना ती सांगावी लागत नाही. संध्याकाळपासून पाऊस कोसळत होता आणि रात्री आंबिल ओढा कात्रजपासून खाली दोन्ही काठ सोडून धावला. अरण्येश्वरला टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं दगावली. सोसायट्यांच्या तळघरात उभ्या असलेल्या मोटारी एकमेकींवर चढल्या. गोठ्यात बांधलेली जनावरं दाव्यासकट गेली. मावशी, त्यांचा मुलगा आणि सून पोटमाळ्यावर बसून राहिली. सकाळी खाली उतरल्या तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता आणि चिखलात दुसऱ्या कुणाचा तरी गॅसचा सिलिंडर. शिलाई मशीन, रेशनचे डबे, नातवाचं दप्तर, जातीच्या दाखल्याची फाइल, सगळं गेलं. तिसऱ्या दिवशी त्या कामाला आल्या आणि मी त्यांना परत पाठवलं, तेव्हा म्हणाल्या, "घरी बसून काय करू, ताई? घर कुटं हाय?"

आम्ही त्या रात्री आमच्या पहिल्या मजल्याच्या गच्चीत उभे होतो. गल्लीतून पाणी नदीसारखं वाहत होतं आणि मी यजमानांना म्हटल्याचं मला लख्ख आठवतं: "बरं झालं, आपल्याकडे साचत नाहीये, वाहून जातंय." ते कुठं वाहून जात होतं हा विचार मनात आला नव्हता. गल्लीच्या सभेत आम्ही सतरंजीवर बसलेले सगळे रहिवासी होतो. ज्यांच्या घरी आमचं पाणी जातं त्यांना आम्ही बोलावलं नव्हतं. त्यांतल्या एक चहा देत होत्या.

माझं माहेर कोरेगाव तालुक्यातलं, सातारा जिल्हा. २०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा ज्या तीन तालुक्यांत झाली त्यांत आमचा कोरेगाव होता आणि पहिला नंबर आला तो आमच्याच तालुक्यातल्या वेळू गावाचा. त्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्याही उन्हाळ्यांत माझ्या भावानं शेकडो माणसांबरोबर डोंगरावर चर खणले. पाणलोटाच्या कामाला गावाकडे 'माथा ते पायथा' म्हणतात. काम माथ्यापासून सुरू करायचं. पळत्या पाण्याला चालायला लावायचं, चालत्याला थांबवायचं आणि थांबलेल्याला जमिनीत मुरवायचं. भावाला मी फोनवर सभेची हकिकत सांगितली, मावशी काय म्हणाल्या तेही सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आक्का, तुमच्या गल्लीला माथा हाय, पायथा बी हाय. पन मधी कुनी पाण्याला थांब म्हनत न्हाई. पुढल्या रविवारी येतो. येताना हायड्रोमार्कर आनतो."

हायड्रोमार्कर हे नाव मोठं, वस्तू साधी. खुणा आखलेल्या दोन सरळ काठ्या आणि त्यांना बांधलेली पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. आपले गवंडी पिढ्यानपिढ्या पाणसळ म्हणून जी नळी वापरतात तीच ही, फक्त काठ्यांवर आकडे असतात. एक काठी इथं, दुसरी दहा मीटरवर. नळीतलं पाणी हलायचं थांबलं की दोन्हीकडचे आकडे वाचायचे. दोन आकड्यांतला फरक म्हणजे दोन जागांच्या उंचीतला फरक. डोंगरावर याच नळीनं समपातळीची रेघ आखतात आणि त्या रेघेवर चर खणतात.

रविवारी सकाळी सहाला आम्ही सुरुवात केली. भाऊ, ओव्हरसिअर काका, वरच्या टोकाचा कॉलेजात जाणारा एक मुलगा आणि मी. नळीत एक हवेचा बुडबुडा अडकला होता. तो निघेपर्यंत आकडे खोटे येतात म्हणून भावानं नळी खालपासून वरपर्यंत बोटानं टिचक्या मारत सरळ केली. बुडबुडा संथपणे वर चढला, काठीच्या टोकाशी जाऊन फुटला आणि पाणी दोन्हीकडे हळूहळू वर-खाली झुलत स्थिर झालं. त्या झुलण्याकडे आम्ही चौघंही श्वास रोखून पाहत होतो. गल्लीत मी पस्तीस वर्षं राहते, पण ती कुठं उंच आहे आणि कुठं खोल हे तिनं मला पहिल्यांदा त्या नळीतून सांगितलं. प्रत्येक ठिकाणी काका आकडा सांगत, मुलगा वहीत लिही आणि मी कंपाउंडच्या भिंतीवर गेरूनं रेघ ओढी. सातपर्यंत दूध घ्यायला निघालेली माणसं थांबू लागली. साडेसातला वीस जण मागून चालत होते. ज्याच्या फाटकापाशी काठी ठेवू तो स्वतःच वाकून आकडा वाचू लागला.

दोनशे वीस मीटरची गल्ली. वरच्या टोकापासून खालपर्यंत उतार अडीच मीटरचा. पण तो सरळ नव्हता. बाराव्या फाटकापाशी रस्ता वाटीसारखा खोल झाला होता आणि पाणी ओढून घेणारी जाळी त्या वाटीच्या काठावर होती, सगळ्यांत खोल जागेपेक्षा अकरा सेंटिमीटर वर. म्हणजे जाळीपर्यंत पोहोचायला पाण्याला आधी अकरा सेंटिमीटर साचावं लागत होतं. आजींच्या फाटकासमोर रस्त्याचा मधला भाग त्यांच्या उंबऱ्यापेक्षा वीस सेंटिमीटर उंच निघाला. आजी खुर्ची टाकून बाहेर बसल्या होत्या. भावानं त्यांच्या भिंतीवर रेघ ओढली आणि बोट ठेवून दाखवलं, "आजी, हितं रस्ता. आन् हितं तुमचा उंबरा." आजी त्या रेघेकडे खूप वेळ पाहत राहिल्या.

मग काठी आमच्या फाटकापाशी आली.

२०११ साली आम्ही मोटार घेतली, तेव्हा ती आत यावी म्हणून फाटकासमोर सिमेंटचा उतार करून घेतला होता. रस्त्याच्या कडेनं वाहणारं उघडं गटार त्याखाली बुजलं. खालून पाणी जावं म्हणून चार इंची नळी टाकली होती आणि ती टाकली म्हणजे आपली जबाबदारी संपली असं आम्ही धरून चाललो होतो. काकांनी गजानं ती नळी खुपसली. आतून पिंपळाची कुजलेली पानं, गुटख्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्या यांचा एक घट्ट काळा बोळा निघाला. नळी बंद होऊन किती वर्षं झाली असतील कोण जाणे. आमच्या बाजूनं वाहत येणारं सगळं पाणी त्या उतारावर आदळून रस्त्याकडे वळत होतं आणि रस्ता ओलांडून समोर जात होतं. भावानं काठ्या ठेवून पाण्याची वाट दाखवली. ती सरळ आजींच्या फाटकात जात होती.

बारा-तेरा पावसाळे मी आजींकडे फडकी घेऊन जात होते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही तो उतार फोडला. मी स्वतः आजींकडे जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, तुला काय माहीत!" त्यांचा स्वर मऊ होता आणि त्यानं मला जास्त लागलं. आमचा उतार फुटल्यावर गल्लीतले आणखी अकरा फुटले. कुणी कुणाला सांगायला गेलं नाही. आता गटारावर उचलता येतील अशा लोखंडी जाळ्या आहेत आणि मोटारी त्यांवरून आत जातात.

मोजणीच्या रविवारी दुपारी ओव्हरसिअर काका आणि भाऊ जेवणानंतर कागद घेऊन हिशोबाला बसले. हिशोब सोपा आहे आणि तो प्रत्येक गल्लीला करता येईल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमची गल्ली आणि दोन्हीकडचे प्लॉट मिळून साधारण बारा हजार चौरस मीटर, म्हणजे तीन एकर. पन्नास मिलिमीटरचा एक जोराचा पाऊस आला तर या तीन एकरांवर सहा लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे साठ टँकर. एप्रिल-मेमध्ये आमच्याच गल्लीत सोसायट्या टँकर विकत घेतात. पूर्वी बंगल्यांपुढं माती होती तेव्हा यातलं बरंच पाणी जागीच जिरायचं. आता चोवीसातले नऊ बंगले जाऊन इमारती झाल्या, अंगणांत फरशा आल्या, आणि छप्पर, फरशी, काँक्रीट यांवर पडलेल्या पाण्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग तसाच वाहून जातो. तेही एकदम, काही मिनिटांत. ओढा तोच आहे, उलट दोन्ही काठांनी अरुंद झाला आहे, आणि त्याच्याकडे जाणारं पाणी मात्र वाढलं आहे आणि घाईत आहे. मावशींनी कप विसळताना सांगितलं होतं ते हेच.

पुढच्या सभेत आमची मागणी बदलली. आधी सगळे म्हणत होते, मोठा पाइप टाका. आता म्हणू लागले, पाइप टाका, पण त्याआधी छपरावरचं पाणी आपण अडवू. सगळ्यांनी नाही. वरच्या टोकाचे ते काका शेवटपर्यंत म्हणत राहिले की हे काम आपलं नाही, आपण कर भरतो. त्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं आहे असं मला वाटत नाही. रस्ता आणि गटार बांधणं हे कर घेणाऱ्याचंच काम आहे आणि ते नीट करून मागितलंच पाहिजे. पण आपल्या छपरावर पडलेलं पाणी फाटकाबाहेर ढकललं की ते कुणाच्या तरी दारात जातं, इतकं तरी आपलं आहे. पुण्यात पावसाचं पाणी जिरवणाऱ्याला मिळकतकरात सवलत आहे. गल्लीत ती दोघांनाच माहीत होती.

काम पाहणारे इंजिनिअर तरुण होते, नोकरीत नवे. आम्ही त्यांना गेरूच्या रेघा दाखवल्या आणि वही दिली. त्यांनी त्यांच्या यंत्रानं पुन्हा मोजलं. आकड्यांत फारसा फरक आला नाही. रस्ता जुन्या थरांवर न चढवता खाली उकरून करावा, जाळ्या वाटीच्या तळाशी याव्यात आणि गल्लीतल्या दोन पर्जन्यवृक्षांच्या बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी राहावी, एवढं आम्ही मागितलं. उकरून करायचं तर खोदाई वाढते, पाण्याच्या नळाचे जोड वर येतात, दिवस वाढतात. ते वाढले. दीड महिना आम्ही फळ्यांवरून ये-जा केली. एकदा पाण्याची लाइन फुटली आणि तीन दिवस नळ कोरडे. डायलिसिसच्या आजोबांना कॉलेजच्या पोरांनी खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत नेलं. या दिवसांबद्दल लोक चिडून बोलले आणि त्यांचा हक्कच होता.

रस्ता कशाचा, हा वाद तर शेवटपर्यंत मिटला नाही. पुण्यात रस्त्यावर वाद निघाला की कुणीतरी जंगली महाराज रस्त्याचं नाव काढतंच. आमच्याकडेही निघालं. १९७६ साली रेकॉन्डो कंपनीनं दहा वर्षांची हमी देऊन तो डांबरी रस्ता केला आणि हमी संपून कैक वर्षं उलटली तरी तो खड्ड्यांवाचून उभा राहिला, हे पुण्यातला शाळकरी मुलगाही सांगतो. यावरून एक पक्ष म्हणाला, बघा, डांबरही टिकतं. दुसरा म्हणाला, तसं डांबर आता कुठं मिळतं, काँक्रीटच हवं. ओव्हरसिअर काका म्हणाले ते मला पटलं. डांबराचा शत्रू पाणी. पाणी साचलं की ते भेगेतून आत शिरतं, खडीवरची डांबराची पकड सुटते, वरून चाकं दाब देतात आणि खडी उसवत जाते. काँक्रीटला पाणी इतक्या लवकर खात नाही, पण खालची माती भुसभुशीत झाली तर तेही तडकतं. दोन्ही रस्त्यांचं आयुष्य त्यांच्या कडेच्या उतारावर ठरतं. दोन टक्के उतार, म्हणजे मीटरला दोन सेंटिमीटर. डोळ्याला दिसतही नाही, पाण्याला कळतो.

उताराचा असा हिशोब पुण्याला नवा नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून पार शनिवारवाड्यापर्यंत आणलं होतं. मोटर नाही, पंप नाही. वाटेत हवा निघायला आणि गाळ काढायला उच्छ्वास, शहरात ठिकठिकाणी हौद. इतक्या अंतरात उतार कुठं जास्त झाला असता तर नळ फुटला असता, कुठं कमी पडला असता तर पाणी थांबलं असतं. तो तलाव ज्या ओढ्यावर बांधला तो हाच आंबिल ओढा. त्याचं पाणी ज्यांनी इतक्या जिवापाड मोजून पेठांमध्ये नेलं त्यांच्याच गावात आम्ही त्याच्याकडे जाणारं पाणी एकदाही मोजलं नव्हतं.

मला स्वतःबद्दल आणखी एक सांगायचं आहे. पुण्यात २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवता येतात. अर्ज भरायचा असतो. मी गेल्या काही वर्षांत चारदा भरला. वहीत त्याच्या नकला आहेत. चारही वेळा मी मागितलं ते रस्ता गुळगुळीत करा, कडेला पेव्हर ब्लॉक बसवा, बाकं ठेवा. ब्लॉक बसले, एक बाकही आलं. पाणी कुठं जातं हे मी एकाही अर्जात विचारलं नाही.

नव्या रस्त्यावरचा पहिला मोठा पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री आला. दीड तास कोसळला. आम्ही सगळे छत्र्या, टॉर्च घेऊन खाली उतरलो. आजींचा उंबरा कोरडा राहिला. त्या दारात उभ्या राहून पाहत होत्या; पलंगाखालच्या विटा अजून काढल्या नाहीत, पुढचा पावसाळा बघून काढीन म्हणतात. बाराव्या फाटकाची वाटी गेली. पण गल्ली जिथं मोठ्या रस्त्याला मिळते तिथं घोटाभर पाणी उभं राहिलं आणि तासभर हललं नाही, कारण पुढची लाइन आधीच वरच्या दहा गल्ल्यांच्या पाण्यानं भरलेली होती. दुसऱ्या दिवशी मावशींना मी आल्या आल्या विचारलं. ओढा पुलाखालच्या भिंतीला लागला होता, वर आला नाही. रात्रभर त्या जाग्या होत्या. त्या आता प्रत्येक पावसाला जाग्याच असतात.

आमच्या चोवीस प्लॉटांपैकी आठ जणांनी छपराचं पाणी बोअरमध्ये किंवा शोषखड्ड्यात सोडलं आहे. सोळा जण राहिले आहेत. ज्यांच्या गल्लीचं काम यंदा निघणार असेल त्यांनी सभेआधी एका सकाळी आपली गल्ली मोजून घ्यावी आणि खाली ओढ्याकाठी राहणाऱ्या दोघांना सभेला बोलवावं. पंधरा मीटर पारदर्शक नळी आणि दोन काठ्या एवढंच सामान लागतं. भाऊ त्याचा हायड्रोमार्कर आमच्याकडेच ठेवून गेला आहे. तो फाटकाच्या आत, जिथं पायऱ्या होत्या त्या भिंतीला टेकून उभा असतो. ज्यांना हवा असेल त्यांनी घेऊन जावा, काम झालं की आणून ठेवावा.